घामखोलीची कडी

फाटक बंद झालं ते मोठ्या शर्यतीनंतर, आणि दुसरा दिवस उजाडला तरी उघडलं नव्हतं. रेसकोर्सच्या आवारात राहणारी माणसं आत होतीच. कामापुरती बाहेरून आलेली माणसंही अडकून पडली होती. कुणी तबेल्याच्या ओट्यावर, कुणी गवताच्या गंजीला टेकून, जागा मिळेल तिथे अंग टाकलं होतं. फाटकावरच्या शिपायाशी हुज्जत घातली की तो एकच उत्तर देई, "इन्स्पेक्टरसाहेबांना विचारा." आणि इन्स्पेक्टरसाहेबांना विचारायला जावं, तर ते उलट आपल्यालाच चार प्रश्न विचारत. हळूहळू फाटकाकडे कुणी जाईनासं झालं.

मावशी मात्र इस्त्री करत होती. आज शर्यत नव्हती, उद्याही नव्हती. त्या रेशमी सदऱ्यांना कुणी हात लावणार नव्हतं. पण हात रिकामे राहिले की डोकं चालतं, आणि चाललेलं डोकं तिला आज नको होतं. कोळशाची जड इस्त्री, पाण्याचा वाडगा, ओलं फडकं. लाल सदऱ्यावर पांढरे ठिपके, हिरव्यावर पिवळा पट्टा, प्रत्येक घोडामालकाचे रंग वेगळे. नवरा जॉकी होता तेव्हा ती फक्त त्याचे कपडे करायची. तो गेल्यावर क्लबने सगळ्याच जॉकींचे कपडे तिच्या हवाली केले आणि मागच्या दोन खोल्या राहायला दिल्या. तिथेच तिची दोन मुलं वाढली. थोरलीने शिवणयंत्र धरलं, धाकट्याने लगाम. थोरलीला नवरा मिळाला तोही इथलाच जॉकी. सगळं मैदान त्याला वजीर म्हणे, कारण तो सरळ चाले, तिरका चाले, पण अडून कधी राहत नसे. धाकट्याला म्हणत बारक्या. जॉकीच्या धंद्यात याहून मोठं कौतुक नाही.

इस्त्रीखोलीची एक भिंत फळ्यांची होती, आणि तिच्या पलीकडे घामखोली.

आता म्हणे विजेवरच्या खोल्या आल्यात, काचेच्या दाराच्या, वेळ झाली की आपोआप गार होणाऱ्या. तेव्हाची घामखोली म्हणजे नुसता लाकडी कोंडवाडा. मधे तापलेल्या दगडांची शेगडी, बसायला बाक, खिडकी नाही. शर्यतीच्या दिवशी ज्याचं वजन उतरत नसे तो अंगाभोवती कांबळं गुंडाळून आत बसे आणि घाम गाळी. "काल स्वप्नात जेवलो, आणि बघ, काट्यावर दिसतंय," असले विनोद दारातच संपत. आत गेल्यावर कुणी बोलत नसे.

आत बसलेल्या माणसाचं आधी मन उठतं, मग शरीर. म्हणून जॉकींनीच एक रीत पाडली होती. कडी बाहेरून. आत जाणारा स्वतःच आपल्या माणसाला सांगे, "लाव रे कडी." बाहेरच्याने तिथून हलायचं नाही. आतून ठोकलं तर पहिल्यांदा उघडायचं नाही, नुसतं बाहेरून उलट ठोकायचं. म्हणजे, आहे मी, बस अजून. दुसऱ्यांदा ठोकलं की मात्र मागचापुढचा विचार न करता कडी काढायची. पहिला ठोका मनाचा, दुसरा जिवाचा, असं जुने जॉकी म्हणत. शर्यतीत एकमेकांच्या घोड्यांना कुंपणाला दाबणारी ही माणसं, पण घामखोलीच्या कडीशी कधी कुणी बेइमानी केली नव्हती.

कालपर्यंत.

काल वजीर मिरचीवर बसणार होता. कागदोपत्री त्या घोडीचं नाव चांगलं लांबलचक होतं, पण तिच्या स्वभावाला तबेल्याने दिलेलं नावच शोभे. वजन थोडंसं उतरायचं राहिलं होतं, म्हणून तो घामखोलीत गेला. कडी बारक्याने लावली. बहिणीच्या नवऱ्याची कडी मेव्हण्याने लावावी, यात कुणाला वावगं वाटण्यासारखं काय होतं? पण वजनाची घंटा झाली तरी वजीर काट्यावर आला नाही. टॉवेलवाला बघायला गेला. कडी काढलेली होती, दार नुसतं लोटलेलं होतं, आणि वजीर बाकाखाली पडला होता, ओठ पांढरेफटक, डोळे अर्धे उघडे. गाडीत घालताना तो एवढंच पुटपुटला, "कडी काढा... कडी..."

तिकडे घोडी जीन कसून उभी. ट्रेनरसाहेबांना उभ्याउभ्या दुसरा जॉकी हवा होता, वजनात बसणारा आणि मोकळा. बारक्या समोरच होता. दाजींना चक्कर आली, एवढंच त्याला सांगितलं गेलं. आयुष्यात पहिल्यांदा मोठ्या शर्यतीत मोठी घोडी मिळाली, आणि पोरगा जिंकला.

हरला असता तर वाचला असता. जिंकल्यावर सगळ्यांनी मागे वळून पाहिलं. कडी कुणी लावली? बारक्याने. घोडी कुणाला मिळाली? बारक्याला. हातच्या काकणाला आरसा कशाला?

सकाळी इन्स्पेक्टरने मावशीला बोलावलं तेव्हा ती मनाशी ठरवून गेली होती. बारक्याने आपल्या जबाबात सांगितलं होतं, "कडी लावली, इकडेतिकडे गेलो आणि विसरलो." त्याच्या तोंडून निघालेला तो विसराळूपणा तिला पटला नव्हता. विसरणाऱ्यातला तो नव्हताच. शिवाय तिने स्वतः ऐकलं होतं.

इन्स्पेक्टर वजनखोलीत बसला होता. शेजारी तो जुना काटा, साखळ्यांनी टांगलेल्या खुर्चीचा.

"बसा आजी. तुमची खोली घामखोलीला लागून. काल काही ऐकलंत?"

"ऐकलं तर! आतून ठोकलं, बाहेरून उत्तर आलं. मग थोड्या वेळाने परत ठोकलं, परत उत्तर आलं. माझा मुलगा दारातच होता, साहेब. माणसाला आत टाकून भटकायला जाणाऱ्यातला नाही तो."

इन्स्पेक्टरची लेखणी थांबली. "दुसऱ्यांदाही उत्तर आलं?"

"हो."

"आणि तुमच्या रितीप्रमाणे दुसऱ्या वेळी काय करायचं असतं?"

काल इस्त्री फिरवताना दुसरा ठोका ऐकून तिला वाटलं होतं, झालं, आता कडी निघाली असेल. नंतर आवाज आला नाही, म्हणून तिने पुढचा सदरा घेतला होता. दुसऱ्या ठोक्याला उत्तर द्यायचं नसतं हे तिला कळत नव्हतं थोडंच? पण पोराची बाजू घ्यायच्या घाईत तिकडे लक्षच गेलं नाही. विसरणारा माणूस चुकतो. ऐकून, उत्तर देऊन, कडी न काढणारा माणूस चुकत नसतो. लेकाला वर काढायला म्हणून तिने दोर टाकला, आणि तो नेमका त्याच्या गळ्यात पडला.

बारक्याला परत बोलावलं. इन्स्पेक्टरने विचारलं, "दोन्ही वेळा उत्तर कुणी दिलं?"

बारक्याने आईकडे पाहिलं, मग काट्याच्या खुर्चीकडे.

"मीच."

"म्हणजे विसरला नव्हतास."

"नव्हतो."

"अरे मेल्या, काय बोलतोयस तू?" मावशी ओरडली. शिपायाने तिला हळूच दंडाला धरून बाहेर आणलं.

दुपारी इन्स्पेक्टरने सगळं पुन्हा करून बघायचं ठरवलं. एक शिपाई घामखोलीत बसला, शेगडी पेटलेली नसतानाही कपाळ पुसत. बारक्याला बाहेर उभं केलं. मावशीला कालच्याच जागी, कालच्याच टेबलाशी, हातात इस्त्री देऊन.

आतून ठोकलं. ठक ठक.

बाहेरून बारक्याने उत्तर दिलं. धप, धप. बोटांच्या सांध्यांचा, मांसाचा बोदा आवाज.

मावशीच्या हातातली इस्त्री तशीच राहिली. काल हा आवाज नव्हता. कालचं उत्तर बारीक होतं, कडक होतं, ताटावर खडा पडावा तसं. टिक, टिक. तो आवाज तिला इतका ओळखीचा होता, की काल तो तिने ऐकला तरी कानाआड गेला होता. घरात घड्याळाची टिकटिक कोण ऐकतं?

थोरली शिवताना बोटावर पितळेची टोपी घालायची, सुई टोचू नये म्हणून. लहानपणी घातली ती दिवसभर काढायची नाही. चहा हवा असला की टेबलावर टिक टिक. दार वाजवायचं तर टिक टिक. बारक्याला अभ्यासाला बसवायचं तर त्याच्या टाळक्यावरसुद्धा तीच. "ताई, कवटीला भोकं पडतील," तो बोंबलायचा.

"आजी," पलीकडून इन्स्पेक्टरचा आवाज आला, "काल असंच ऐकू आलं होतं का?"

सदऱ्याच्या रेशमाचा करपल्याचा वास आला. तिने इस्त्री उचलली. पांढऱ्या बाहीवर तपकिरी खूण उमटली होती.

"फळ्यांपलीकडून सगळं सारखंच वाटतं, साहेब," ती म्हणाली.

इन्स्पेक्टर दारात येऊन उभा राहिला. त्याने करपलेल्या बाहीकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, आणि निघून गेला.

बारक्याला पाणी प्यायला तिच्याकडे सोडलं, शिपाई दाराबाहेर. पोरगा बाकावर बसला. काल सगळ्या मैदानाने ज्याला खांद्यावर घेतलं होतं, तो आज लहानपणी तापात दिसायचा तसा दिसत होता.

"ती होती ना?" मावशीने अगदी हळू विचारलं.

"कोण ती? मी होतो."

"बारक्या, मी तुझी आई आहे. इन्स्पेक्टर नाही."

तो पेल्यात बघत राहिला. "ट्रेनरसाहेबांनी मला घोडी धरायला बोलावलं. मी ताईला म्हटलं, दाजींकडे बघ, आलोच. एवढंच झालं. पुढचं मला माहीत नाही, आणि तुलाही माहीत नाही. तू काही ऐकलं नाहीस."

"दाजी शुद्धीवर आले की सांगतीलच की."

"आतल्याला काय दिसतं? कडी मी लावली, एवढंच त्यांना माहीत." तो कसंनुसं हसला. "माझा परवाना जाईल. गेला तर गेला. पोटभर जेवीन तरी."

"नुसता परवाना नाही जायचा, गाढवा. जिवे मारायचा प्रयत्न म्हणताहेत ते."

"तिची पोर लहान आहे, आई. मला कोण आहे?"

मला कोण आहे! समोर आई बसलेली, आणि विचारतोय. मावशीला त्याला एक ठेवून द्यावीशी वाटली आणि कुशीतही घ्यावंसं वाटलं. दोन्ही न करता तिने पेला विसळून पालथा घातला. शिपायाने दार वाजवलं आणि त्याला घेऊन गेला.

थोरली मागच्या खोलीत यंत्रावर बसली होती. पाय चालत होते, सुई वरखाली होत होती, कापड पुढे सरकत होतं. सुईत दोरा नव्हता. नवरा दवाखान्यात, पोरगी चिमी गावात सासूकडे, आणि ही इथे. सगळ्यांचे जबाब होईपर्यंत कुणालाही सोडणार नाही, अगदी बायकोलासुद्धा नाही, असा हुकूम होता.

मावशीने चाकावर हात ठेवून यंत्र थांबवलं.

"बारक्या बोलला?" थोरलीने वर न बघता विचारलं.

"तो कसला बोलतोय! मूग गिळून बसलाय. तुझी टोपी बोलली."

थोरलीने बोटाकडे पाहिलं. टोपी बोटातच होती. तिने ती काढली, पण ठेवायची कुठे हे न कळून मुठीत धरून बसली.

"मी त्यांना मारायला नव्हते निघाले, आई."

"ते मला नको सांगू. का, ते सांग."

"मागच्या आठवड्यात चिमी शाळेतून बाहुली घेऊन आली. म्हणाली, बाबांच्या मित्राने दिली, शाळेच्या फाटकाशी उभा होता. नवी कोरी बाहुली, आणि एक पाय उपटलेला. संध्याकाळी तो मित्र घरी आला, सट्टेवाल्यांचा माणूस. गोड बोलला गं. म्हणाला, मिरची दुसरी आली तरी चांगलीच दिसेल. वहिनी, चहा छान झालाय, म्हणाला."

"जावईबापू काय म्हणाले?"

"काहीच नाही. ना हो, ना नाही. तेव्हापासून झोप गेली. एकदा म्हणाले, घोडी मुद्दाम मागे ओढली तर मी परत कुठल्या घोड्याच्या डोळ्यांत बघू? आणि नाही ओढली तर चिमीला शाळेत कुणी सोडायचं? पोलिसांकडे जा म्हटलं, तर म्हणाले, पोलीस एक दिवस येतील, ती माणसं रोज गावातच आहेत." तिने मुठीतली टोपी या हातातून त्या हातात घेतली. "काल बारक्या म्हणाला, ताई, जरा बघ. मी दारात उभी राहिले, आणि मनात आलं, हे काट्यावर वेळेत पोचलेच नाहीत तर? ना जिंकणं, ना हरणं. उशीर झाला, संपलं. कुणाला काही म्हणता येणार नाही."

"आणि दुसरा ठोका?"

थोरलीने टोपी यंत्रावर ठेवली.

"ऐकला. हात कडीवर होता माझा. म्हटलं, घंटा होईलच आता, एवढंसंच. म्हणून परत उत्तर दिलं. यांनी वजनासाठी अंगातलं पाणी उतरवायची गोळी घेतली होती, आई, मला सांगितलं नव्हतं. घंटा झाली, मी कडी काढली आणि पळत येऊन इथे बसले. वाटलं, शिव्या घालत बाहेर येतील. मला मारलं तरी चालेल म्हटलं. वाट बघत होते मी शिव्यांची."

"आणि घोडी भावाला मिळेल, हे नाही सुचलं?"

"माझ्या डोक्यात घोडी नव्हतीच गं! चिमी होती." मग ती तोंडावर हात धरून रडली, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून. "मी सांगितलं तर का केलं तेही सांगावं लागेल. त्या माणसाचं नाव आलं, की चिमी बाहेर आहे. नाही सांगितलं, तर बारक्या आत. तूच सांग, कुठे जाऊ?"

मावशीला कुठे माहीत होतं? धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. एका पदराला दोन मुलं, दोघं दोन दिशांना ओढत असती तर निदान भांडता आलं असतं. इथे दोघं एकमेकांसाठी बुडायला निघाली होती. ती खिडकीशी उभी राहिली. गजांतून दूरचं फाटक दिसत होतं, आणि त्याला टेकलेला शिपाई. कालपासून आवारातला प्रत्येक माणूस त्याला शिव्या देत होता. बाहेर पडू देत नाही म्हणून. बाहेर पडू देत नाही, तसाच तो आतही कुणाला येऊ देत नव्हता. तो बाहुलीवाला आत आला असता का?

ती तशीच वजनखोलीत गेली.

"साहेब, माझी नात गावात आहे. तिला आणि तिच्या आजीला इथे आणून द्या."

"आजी, मी पोलीस आहे, टांगेवाला नाही."

"टांगेवाल्याला ती माणसं घाबरत नाहीत, म्हणून तर तुमच्याकडे आले."

इन्स्पेक्टरने मान वर केली. "कुठली माणसं?"

"नात आत आली, फाटकाला कुलूप लागलं, की ज्याला सांगायचंय तो सांगेल. त्याआधी माझ्या तोंडातून शब्द निघायचा नाही. मी म्हातारी आहे, मला ऐकूही कमी येतं."

"सकाळी बरं येत होतं."

"सकाळी शहाणपण कमी होतं."

त्याने वही मिटली. मग टोपी घातली आणि जीपमध्ये स्वतः जाऊन बसला.

ओसरीवर बारक्याने तिला गाठलं. सोबत शिपाई होता, तरी त्याने आवाज चढवला. "काय केलंस तू? मी निस्तरत होतो ना!"

"काय निस्तरणार होतास? तू तुरुंगात बसशील, आणि ती रोज भाकरी तोंडात घालेल? सहा महिन्यांत वेडी होईल ती."

"ती तुला माफ करणार नाही."

"नको करू दे."

"आणि दाजी? त्यांना कळलं, की बायकोनेच..."

"ते त्या दोघांचं. ठोका त्यांनी दिला होता, ऐकला तिने होता. त्यात तूही नाहीस आणि मीही नाही."

उन्हं उतरता उतरता जीप परत आली. चिमी पुढे, ड्रायव्हरच्या शेजारी, चेहरा फुललेला. जीपमध्ये बसायला मिळालं होतं ना! मागे तिची आजी, पिशव्या सांभाळत, काय झालंय हे दहादा विचारून थकलेली. फाटक लागल्याचा आवाज झाला. थोरली यंत्रावरून उठली, केस सारखे केले, आणि कुणी न सांगता वजनखोलीकडे चालू लागली. पायरीवर एकदा थांबली. मावशीला वाटलं, मागे बघेल. तिने नाही पाहिलं.

दार बराच वेळ बंद होतं. एकदा शिपाई पाणी घेऊन आत गेला. एकदा इन्स्पेक्टर बाहेर आला, दोन माणसांना काहीतरी सांगून जीपने पिटाळलं आणि परत आत गेला. बारक्या बाकावर आईच्या शेजारी येऊन बसला. सोबतचा शिपाई आता फार जवळ उभा राहत नव्हता.

"आई काय करतेय आत?" चिमीने विचारलं.

"साहेबांशी बोलतेय."

"साहेब रागावतील?"

"रागावतील."

"मग कशाला गेली?"

मावशीने बारक्याकडे पाहिलं, बारक्याने मावशीकडे. बारक्याने पोरीला गुडघ्यावर घेतलं आणि घोडा घोडा करू लागला, फार हळू, म्हाताऱ्या घोड्यासारखा.

थोरली बाहेर आली तेव्हा तिच्यासोबत पोलीसबाई होती. दवाखान्यातून निरोप आला होता, वजीरने डोळे उघडले होते आणि बायकोला विचारत होता. इन्स्पेक्टर म्हणाला, आधी तिथे नेतो, मग ठाण्यावर. पुढचं नवरा काय म्हणतो त्यावर, आणि कोर्टावर. बारक्याला त्याने एवढंच सांगितलं, खोटा जबाब दिल्याबद्दल तुझ्याशी बोलायचंय, पण आज नाही.

थोरली चिमीसमोर खाली बसली. पोरीच्या झग्याच्या गळ्याशी एक दोरा लोंबत होता. तिने तो जवळ जाऊन दातांनी तोडला, शिवण नखाने चाचपली आणि उठली. भावाच्या खांद्यावर हात ठेवला, काढला. आईसमोरून जाताना तिची मान खालीच होती. मावशीने हात पुढे केला होता, तो तसाच राहिला.

जीपच्या पायरीवर पाय ठेवल्यावर ती थांबली.

"तिला दूध कोमट लागतं," ती म्हणाली, कुणाकडेही न बघता. "फार गरम देऊ नकोस."

"नाही देणार," मावशी म्हणाली. जीप निघून गेली, आणि शिपायाने फाटक लावून घेतलं.